आट्यांचा बल्ब

सुधावहिनींचा फोन आला तेव्हा श्यामराव दाढी करत होते.

"भावजी, तुमचा डावा हात आमच्याकडे राहिलाय असं हे म्हणताहेत," वहिनी म्हणाल्या. "सवडीने येऊन घेऊन जा."

श्यामरावांनी आरशात पाहिलं. डावा हात गालाची कातडी ताणून धरून उभा होता.

"वहिनी, माझा हात माझ्याकडेच आहे."

"ते मी सांगितलं. हे म्हणतात, श्यामराव विसरभोळे आहेत, त्यांच्या अजून लक्षात आलं नसेल."

वहिनी थट्टा करत नव्हत्या. थट्टा हे श्यामरावांचं खातं होतं आणि गेली कित्येक वर्षं त्यात दुसऱ्या कोणी ढवळाढवळ केली नव्हती. त्यांनी दाढी आटोपली, शर्ट चढवला आणि उगीचच एकदा दोन्ही हात पुढे धरून पाहिले.

अविनाशरावांना दिवाळीच्या सुमारास झटका आला होता. मेंदूच्या उजव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली आणि शरीराची डावी बाजू गेली. पाय काठीच्या आधाराने परतला. वाचा तर गेलीच नव्हती. डॉक्टरांच्या मते हातातही बराचसा जोर परत आला होता. फक्त तो हात आपला आहे हे अविनाशराव मान्य करत नव्हते. त्यांची सगळी नोकरी केंद्र सरकारच्या ऑडिटमध्ये झालेली. समोर दिसतंय ते मान्य न करण्याचाच त्यांना पगार मिळत असे.

आधी तो हात हॉस्पिटलचा होता. घरी आल्यावर पाहतात तर हातही बरोबर आलेला. हॉस्पिटलची वस्तू विचारल्याशिवाय उचलून आणली म्हणून त्यांनी सुधावहिनींना बरंच ऐकवलं. मग शांतपणे विचार करून त्यांनी निष्कर्ष काढला, की हात श्यामरावांचा आहे.

श्यामराव कोलकात्याच्या बागबाजारात राहत. बंगाल्यांनी एके काळी मराठ्यांना अडवण्यासाठी खंदक खणला तो जिथून सुरू होत होता, तिथेच आपण भाड्याने जागा घेतली आहे, असं ते नव्या ओळखीत हमखास सांगत. तिथून सॉल्ट लेकला जायला उलटाडांग्याहून ऑटो लवकर मिळते, पण श्यामराव श्यामबाजारहून मेट्रोने एस्प्लनेड आणि तिथे गाडी बदलून सॉल्ट लेक असा वळसा घेत. मेट्रोत गारवा असतो आणि माणसं निरखायला मिळतात. त्या दिवशी एस्प्लनेड येईपर्यंत त्यांच्या डोक्यात 'राहिलेल्या हाता'ची नक्कल पुरती बसलीसुद्धा होती. सुरुवात कुठे करायची, हशा कुठे येईल, सगळं. मित्र आजारी आहे हे त्यांना त्यानंतर आठवलं.

या नकलांचं थोडं सांगायला हवं. कोलकात्यातल्या मराठी माणसांचं एक लहानसं मंडळ होतं. माणसं बदलीची: बँकेतली, केंद्र सरकारातली, सरकारी कंपन्यांतली. चार-पाच वर्षं राहायचं, बंगालीत भाजी घेता यायला लागली की बदलीचा हुकूम यायचा. जाणाऱ्याला मंडळ निरोप देई, आणि निरोपाला शाल-नारळानंतर श्यामराव त्याची नक्कल करत. हा अपमान नव्हे, मान होता. ज्याची नक्कल झाली नाही तो, इतकी वर्षं काढून, इथे कोणाच्या लक्षातच आला नव्हता असा अर्थ व्हायचा. माणूस आपली नक्कल डोळे भरून पाही, पोट धरून हसे, आणि पुढच्या आठवड्यात भोपाळला नाहीतर नागपूरला निघून जाई. नक्कल मागे राही. नागपूरला गेलेल्या एका ब्रँच मॅनेजरचं उचकीसारखं हसू श्यामरावांकडे अजून चांगल्या स्थितीत होतं. मॅनेजर स्वतः वारून बरीच वर्षं झाली होती.

अविनाशरावांचीही बदली आली. निरोप झाला, शाल झाली, नक्कल झाली. अविनाशराव कुठलाही नियम सांगताना डावा हात वर उचलत, पाचही बोटं जुळवत आणि हवेतला एक न दिसणारा बल्ब बसवत. श्यामरावांनी तो बल्ब इतका सुंदर बसवला की टाळ्या थांबेनात. आणि मग ती बदली रद्द झाली.

मंडळाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. निरोप दिलेला माणूस पुढच्या गणपतीत दुसऱ्या रांगेत बसलेला. लोकांनी नक्कल पुन्हा मागितली. त्याच्या पुढच्या वर्षीही मागितली. अविनाशराव इथेच रिटायर झाले, इथेच फ्लॅट घेतला, आणि दर गणपतीत दुसऱ्या रांगेत बसून स्वतःला निरोप मिळताना पाहत राहिले.

*

सॉल्ट लेकच्या घरी खिडकीपाशी आरामखुर्ची होती. अविनाशराव त्यात नीट भांग पाडून बसले होते. डावा हात मांडीवरच्या उशीवर ठेवला होता. मनगटाच्या वर भाजल्याचा डाग होता. दोन दिवसांपूर्वी त्यांनी गरम चहाचा कप टेबल समजून त्यावर ठेवला होता.

"या," ते म्हणाले. "तुमची वस्तू सांभाळून ठेवली आहे. थोडी भाजली, त्याबद्दल दिलगीर आहे."

"अविनाशराव, माझे दोन्ही आहेत. हे पाहा."

अविनाशरावांनी ते दोन्ही पाहिले. मग मांडीवरचा पाहिला. "म्हणजे तीन झाले," ते म्हणाले. "तुमच्याकडे जादा असणारच. तुम्ही लोकांचे घेता."

हे त्यांनी काहीही कडवटपणा न आणता, ऑडिटमध्ये साठा जुळत नसल्याचं कळवावं तसं, सांगितलं. श्यामराव हसले नाहीत. नकलाकाराने स्वतःच्या प्रयोगात हसायचं नाही हा त्यांचा नियम होता, आणि हा प्रयोग आपला आहे की कोणाचा, हे त्यांना नीट कळलं नव्हतं.

कोपऱ्यात शंतनु बसला होता. हा फिजिओथेरपिस्ट, तिशीतला, अविनाशरावांना 'मेशोमशाय', म्हणजे मावशीचे यजमान, म्हणणारा. त्याने श्यामरावांना बाल्कनीत नेलं आणि हिंदीत समजावलं.

"हात हलवायची ताकद आहे, काका. मेंदूचा जो भाग 'हे माझं' असं म्हणतो, तो गप्प झालाय. डोळ्यांना दिसतं, कातडीला लागतं, मनात हलवायचं येतं, या तिन्ही बातम्या एका जागी जुळल्या की मेंदू त्या हाताला आपला म्हणतो. यांच्या त्या जुळत नाहीत. आणि जो हात आपला नाही तो कोणी वापरत नाही. वापरला नाही की सांधे आखडतात. एकदा आखडला, की मग पटलं तरी उपयोग नाही."

"वेळ किती आहे?"

"सुरुवातीचे महिने मेंदू ऐकून घेतो. नंतर ऐकत नाही. एक करून बघायचंय. आपण ओळखीची हालचाल पाहतो तेव्हा मेंदूतली ती हालचाल करणारी जागाही थोडी जागी होते. काकी म्हणाल्या, मेशोमशायांची हालचाल तुमच्याइतकी कोणालाच येत नाही."

श्यामरावांना आयुष्यात पुष्कळ शिफारशी मिळाल्या होत्या. ही कशी घ्यावी ते त्यांना समजेना.

*

दुसऱ्या दिवसापासून प्रयोग सुरू झाले. शाळेच्या स्नेहसंमेलनात एक जुनी गंमत असते: पुढचा मुलगा हात मागे बांधून भाषण करतो आणि मागे लपलेला मुलगा त्याच्या काखेतून आपले हात पुढे काढून हातवारे करतो. शंतनुने जवळजवळ तेच केलं. अविनाशरावांच्या अंगावर शाल पांघरली. त्यांचा डावा हात शालीखाली लपवला. श्यामराव खुर्चीच्या मागे बसले आणि त्यांनी आपला डावा हात शालीतून, जिथे अविनाशरावांचा असायचा बरोबर तिथे, बाहेर काढला. मग शंतनुने दोन मऊ ब्रश घेतले. एक शालीखालच्या हातावर, एक श्यामरावांच्या हातावर, एकाच वेळी, एकाच बोटावरून, एकाच चालीने.

"कोणाचा हात हा, मेशोमशाय?"

"श्यामरावांचा. घड्याळाचा पट्टा बघा, हा माणूस कधी नवा घेणार नाही."

घड्याळ काढलं. ब्रश चालू राहिले. दुपार, परत दुसरी दुपार. सुधावहिनी चहा आणत, उभ्या राहून पाहत, कप घेऊन जात. एका दुपारी शंतनुने श्यामरावांच्या हातावर ओला ब्रश फिरवला, शालीखालच्या हातावर कोरडा. आणि अविनाशराव दचकले.

"गार लागलं," ते म्हणाले.

शंतनुने श्यामरावांकडे पाहून मान हलवली. मागे बसलेल्या श्यामरावांच्या पाठीला रग लागली होती, ती ते विसरले.

"मेशोमशाय, रजेचे नियम सांगा ना," शंतनु म्हणाला. "आमच्या क्लिनिकमध्ये वाद चाललाय."

हे अविनाशरावांना कधी दोनदा सांगावं लागलं नव्हतं. "अर्जित रजा हा हक्क नाही," त्यांनी सुरुवात केली, आणि त्या शब्दासरशी श्यामरावांचा हात आपोआप वर गेला. बोटं जुळली. बल्ब फिरला. अविनाशराव बोलत होते आणि त्यांच्या खांद्याखालून निघालेला हात त्यांच्या प्रत्येक वाक्याला बल्ब बसवत होता. किती दिवसांनी त्यांचा आवाज असा भरला होता. परिविक्षाधीन कर्मचाऱ्यापासून ते प्रसूती रजेपर्यंत ते न थांबता गेले. शेवटी त्यांनी हाताकडे मायेने पाहिलं.

"हा माझा," ते म्हणाले.

खोलीत क्षणभर सगळ्यांना बरं वाटलं. मग श्यामरावांनी हात काढून घेतला, शाल बाजूला झाली, आणि अविनाशरावांनी मांडीवर पडलेल्या हाताकडे नजर टाकली.

"हा तुमचा," ते श्यामरावांना म्हणाले. "नेहमीसारखी अदलाबदल होऊ देऊ नका. माझा ठेवा आणि तुमचा न्या."

श्यामराव निघाले तेव्हा दारापर्यंत त्यांचा आवाज आला, "सुधा, ते माझा घेऊन चाललेत."

*

वहिनी जिन्यापर्यंत सोडायला आल्या. एरवी त्या लिफ्टपाशीच थांबत.

"श्यामभावजी, एक विचारू? तुम्ही जो करता तो यांचा हात नाही."

"म्हणजे?"

"यांचा बल्ब पिनांचा होता. वर जरासा दाबायचा, थोडासा फिरवायचा, बसला. जुन्या घरांत असायचे तसा. तुमचा आट्यांचा आहे. तुम्ही फिरवतच राहता."

श्यामरावांना हे मान्य करावं लागलं. पहिल्या निरोपाला एकच वळसा होता. हशा आला म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी दोन केले. पुढे कोपर वर गेलं, पुढे मनगटाला झटका आला. दुकानदार गिऱ्हाईक पाहून माल वाढवतो तसं ते होत गेलं.

"मग आता त्यांचा करतो. त्यात काय."

"करा ना," वहिनी म्हणाल्या. "मीही खूप दिवस आठवून बघतेय. मला नाही येत. डोळे मिटले की तुमचाच दिसतो."

"पण ते स्वतः घरात करत असतील की इतकी वर्षं."

वहिनींनी कठड्यावरची धूळ पदराने पुसली. धूळ फारशी नव्हती.

"त्यांनी केव्हाच सोडलं. आमच्या सानिकाला पाहायला आले होते ना पुण्याचे लोक, तेव्हा मंडळातलं कोणाचं तरी पोर घरात होतं. हे हुंड्याच्या कायद्याबद्दल सांगायला लागले, हात वर गेला, आणि ते पोर समोर उभं राहून तुमचं करायला लागलं. पाहुणेही हसले. हेही हसले. त्या दिवसापासून बोलताना डावा हात खिशात. यांच्या सगळ्या पँटींचे डावे खिसे फाटायचे. मी शिवत बसायची. आत मूठ चालू असायची ना."

श्यामरावांना तो खिसा आठवला. चांगलाच आठवला. त्यांना वाटलं होतं, अविनाशरावांची लकब वयाबरोबर बदलली. म्हणून पुढच्या गणपतीत त्यांनी आधी बल्ब आणि मग फुगलेला, आतून चाळवणारा खिसा, अशी जोडनक्कल केली होती. त्या वर्षी हशा सगळ्यांत जास्त होता.

"मला सांगायचं होतं, वहिनी."

"मी म्हटलं होतं यांना. हे म्हणाले, मंडळाची वर्षातून एक करमणूक आहे, ती कशाला बंद करा." त्या आत वळल्या. "उद्या या. शिरा करते."

परतीच्या मेट्रोत श्यामरावांना बसायला जागा मिळाली. त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला आणि पिनांचा बल्ब आठवायचा प्रयत्न केला. वर जरासा दाब. थोडासा वळसा. हात उचलला की पहिला वळसा होई, दुसरा होई, कोपर कानाच्या दिशेने निघे आणि अगदी वर जाऊन थांबे. त्या ठिकाणी हशा येत असे. हात हशा संपायची वाट पाहत थांबे, मग खाली येई. समोरच्या बाकावरची कॉलेजची मुलगी आधी छताकडे, मग त्यांच्याकडे पाहून जागा बदलून बसली.

गेलेल्या, बदललेल्या, विसरलेल्या किती माणसांचे हात त्यांच्यापाशी होते. सुपारी कातरणारे, पत्ते वाटणारे, टाय सैल करणारे. प्रत्येकाला त्यांनी थोडं थोडं वाढवून ठेवलं होतं. मूळ माप कोणाचंच उरलं नव्हतं. आणि आपण स्वतः बोलताना हात कसा हलवतो, हे आठवू गेल्यावर त्यांना काहीच दिसेना. एस्प्लनेड गेलं. गाडी बदलायची राहिली. हावड्याला उतरून त्यांना उलटं यावं लागलं.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी शंतनुला शाल नको म्हणून सांगितलं. ते खुर्ची ओढून अविनाशरावांच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. अविनाशरावांचा हात उशीवर उघडाच होता. सुधावहिनी स्वयंपाकघरात रवा भाजत होत्या. घरभर तुपाचा वास होता.

"अविनाशराव, मी जे करत आलो ते चुकीचं होतं," श्यामराव म्हणाले. "तुमचा बल्ब पिनांचा. मला आता जमत नाही. तुम्ही बघा आणि सांगा, कुठे चुकतं ते."

त्यांनी हात उचलला. दाबायला गेले, पण बोटं आट्यांवरच गेली. थांबले. पुन्हा केलं. पुन्हा तेच. कधी नव्हे तो त्यांचा हात समोर बसलेल्या माणसासमोर अडखळत होता. प्रेक्षकांत शंतनु एकटा, आणि तोही गंभीर.

अविनाशराव पाहत होते. आधी सभ्यपणे, मग ऑडिटरच्या नजरेने. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"हे काय चाललंय?" ते म्हणाले. "मध्येच काय सोडता? करायचं तर पुरतं करा."

"तुम्ही दाखवा."

"यात दाखवायचं काय आहे," अविनाशराव म्हणाले, आणि उशीवरचा हात हलला.

शंतनु जागचा उठला, पण पुढे आला नाही. हात उशीपासून सुटला. थरथरत, दर बोटाला विचारत विचारत वर आला. बोटं जुळली, अंगठा उशिरा पोचला, पण पोचला. सुधावहिनी बशीत शिरा घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच उभ्या राहिल्या. किती वर्षांनी त्यांना तो हात असा वर गेलेला दिसत होता.

"मेशोमशाय," शंतनुने हळूच विचारलं, "हा हात कोणाचा?"

"माझा," अविनाशराव चिडून म्हणाले. "दुसऱ्या कोणाचा असणार?"

आणि त्यांनी बल्ब फिरवला. एक वळसा. दुसरा. तिसरा. कोपर वर निघालं, कानापर्यंत आलं, मनगटाला शेवटचा झटका बसला. अगदी जसाच्या तसा. श्यामरावांनी तो हात दर गणपतीत, भर मंडपात, याच माणसासमोर करून दाखवला होता. अविनाशरावांनी दुसऱ्या रांगेतून तो फार बारकाईने पाहिलेला दिसत होता.

शंतनुने डोळे पुसले. तो बंगाली होता आणि त्याने खरा हात कधी पाहिला नव्हता. त्याला ही पुरती जीत वाटली, आणि होतीही. उद्यापासून हा हात कप धरणार होता, शर्टाची बटणं लावणार होता, आखडणार नव्हता.

वहिनींनी बशी टेबलावर ठेवली. श्यामरावांनी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

पण हात खाली येईना. वर जाऊन तो थांबला होता, जिथे थांबायचा तिथेच. कोपर थरथरत होतं, दंडाची शीर ताठली होती, तरी अविनाशराव हात तसाच धरून श्यामरावांकडे पाहत होते. त्यांना काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. शंतनुला कळेना, काय अडलं. तो खांद्याला आधार द्यायला पुढे झाला.

"भावजी," सुधावहिनी म्हणाल्या, "हसा आता. त्यांचा हात दुखेल."

श्यामराव आपल्या प्रयोगात कधी हसले नव्हते. त्यांनी तोंड उघडलं, काही आलं नाही. घसा खाकरून पुन्हा प्रयत्न केला. निघालं ते नागपूरला गेलेल्या ब्रँच मॅनेजरचं उचकीसारखं हसू होतं. थोडं वाढवलेलं.

पण चाललं. अविनाशरावांचा हात खाली आला.